मागून हाक मारू नये

आमच्या फौजींना मागून हाक मारायची सोय नव्हती. घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, असं आपल्याकडे म्हणतातच. पण त्यांची गोष्ट वेगळी. कुणी सवयीनं ‘आप्पा’ म्हणून हाक मारली की ते जागच्या जागी थांबायचे, सावकाश वळायचे आणि हाक मारणाऱ्याकडे न बघता त्याच्या पलीकडे, लांब कुठेतरी बघायचे. त्या माणसाच्या मागे आणखी कुणी उभं आहे आणि खरी हाक त्यानंच मारली आहे, असं वाटावं इतकं नीट बघायचे. मग म्हणायचे, “मी न्हाई. दुसऱ्या कुणाला मारली असंल.”

तसं लहानपणापासून सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणायचं. धाकट्या भावंडांनी पाडलेलं नाव. पाळण्यातलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. फौजेत गेले तेही आप्पा म्हणूनच. लंकेहून परत आले आणि उंबऱ्यातच आईला म्हणाले, “मला आप्पा म्हणायचं न्हाई आता.”

“मग काय म्हणू?”

“काय बी म्हण.”

आई बिचारी शेवटपर्यंत ‘अरं ए’वर भागवत राहिली. गावानं ‘फौजी’ म्हणायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवरच्या टवाळांनी ‘लंकेचा पाव्हणा’ असं नाव ठेवलं होतं, आणि गंमत म्हणजे ते त्यांना आवडायचं. “बराबर हाय,” म्हणायचे. “पाव्हणाच व्हतो.”

मी त्याच गावच्या शाळेत मास्तर होतो. गाव शिरूर तालुक्याच्या कडेला, मांडवगण फराट्याच्या अंगाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. हिवाळ्यात सकाळी नदीवर धुकं असं बसायचं की पलीकडचा काठ आहे की नाही, तेच कळायचं नाही. त्या धुक्यातून फौजी रस्त्याच्या बरोबर मधून चालत येताना दिसायचे. कडेच्या मातीवर त्यांनी कधी पाय ठेवला नाही. कारखान्याच्या वाटेवरचे उसाचे ट्रॅक्टर, कारेगावला कामगार घेऊन निघालेल्या बस, सगळे मागे भोंगे वाजवत राहायचे. हे डांबराच्या मधोमध, नवरदेवासारखे. बरोबर चालायला गेलं तर म्हणायचे, “अंतर ठेवा गुरुजी. एकानं पाय टाकला तर दोघांनी जायला नगं.” पुढे आमच्या उसात बिबटे शिरले आणि सगळं गाव काठी घेऊन घोळक्यानं हिंडायला लागलं, तेव्हाही हे आपले दहा पावलं लांबच.

तिथून त्यांनी तमिळचे चार-पाच शब्द आणले होते. वा म्हणजे ये. पो म्हणजे जा. तण्णी म्हणजे पाणी. इल्लै म्हणजे नाही. नाक्यावर उभं राहून दिवसभर हेच बोलायचं आणि हेच ऐकायचं. जत्रेत भजनाला रंग चढला आणि लोक ‘वा, वा’ करायला लागले की हे हसायचे. “तिथं वा म्हटलं की माणूस जवळ यायचा. हितं वा वा म्हणत्यात आन् कुणी जागचं हलत न्हाई.”

लंकेची हकिगत त्यांना कुणी विचारली तर ते पाहुण्याच्या म्हणीतच सांगायचे. शेजारच्या देशात सिंहली आणि तमिळ अशा दोन समाजांचं जुनं भांडण पेटलेलं. आपण मोठे शेजारी, मध्ये पडलो. समझोता घडवला आणि शांतता राखायला फौज पाठवली. “एक दिवस पाव्हणा,” फौजी एक बोट उचलायचे. “उतरलो तवा बायांनी हार घातले, नारळाचं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पई. ज्यांना राखायला गेलो त्यांच्यातल्याच बंदूकवाल्यांशी आमची जुंपली. आन् तिसऱ्या दिवशी ऱ्हाईल त्याची अक्कल जाई. शेवटाला दोन्हीकडचे म्हणाले, आता उठा.” तिन्ही बोटं मिटून ते मूठ बघत बसायचे.

गावात तंटामुक्तीची समिती निघाली तेव्हा अध्यक्ष कोण यावरूनच तंटा झाला. तडजोड म्हणून फौजींना अध्यक्ष केलं. त्यांची पद्धत कुणाला कळायची नाही. बसायला स्वतःचं गोणपाट, प्यायला स्वतःची पाण्याची बाटली, फडक्यात स्वतःची भाकरी. कुणाकडचा चहा घ्यायचे नाहीत. “एकाचा चहा घेतला की दुसऱ्याला त्यात साखर जास्त दिसती.” निवाडा कधी द्यायचे नाहीत. आणि मिटो न मिटो, दिवस मावळायला उठून जायचे.

दोन भावांचं सामाईक विहिरीच्या पाळीवरून वाजलं होतं. एकमेकांची तोंडं बघत नव्हते. फौजी विहिरीच्या काठावर गोणपाट टाकून बसले. दोघांचं ऐकलं, भाकरी खाल्ली, थोडे पेंगले. ऊन कलल्यावर उठले आणि म्हणाले, “ठरलं. मोटर मी सोडून नेतो. माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.”

थोरला ताडकन उठला. “तुम्ही कोण वो आमच्या मोटरीला हात लावणारे?”

“आमचं आम्ही बघू,” धाकटा थोरल्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. “लंकेचा शहाणपणा लंकेत!”

फाटक्या शर्टानं फौजी माझ्या ओट्यावर आले तेव्हा हसत होते. “मिटलं गुरुजी. दोघं मिळून मला मारायला आले.” मग हसू हळूहळू विझलं. “तिथं बी असंच झालं. तिथं आमच्या हातात बंदुका व्हत्या, एवढाच फरक.”

कधीमधी ते दौंडला जायचे. बाजाराला नाही, स्टेशनवर. एकदा मी बरोबर गेलो होतो. दुपारची वेळ, फलाटावर पिवळं ऊन, कुत्री सावलीला पडलेली. दक्षिणेकडे जाणारी गाडी येऊन थांबली आणि फौजी पाण्याचा कॅन उचलून खिडक्यांशी गेले. “तण्णी? तण्णी?” आतून हात बाटल्या पुढे करत होते. जुन्या ओळखीच्या माणसांशी बोलावं तसं आतले लोक त्यांच्याशी भराभर बोलायचे, यांना त्यातलं काही कळायचं नाही, तरी मान डोलवायचे. एका खिडकीत एक लहान पोर वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला उठवत होतं. ‘अप्पा, अप्पा.’ फौजींनी डोळे मिटले. आरती चालू असताना मिटतात तसे. गाडी हलली, खिडक्या एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेल्या, तरी डोळे मिटलेलेच होते. ते चित्र मला अजून कधी कधी जागेपणी दिसतं.

येताना मी म्हटलं, “रुळांपलीकडे वसंताचं घर ना? आईला भेटायचं का?”

“न्हाई. त्या बाजूला माझं पाऊल पडत न्हाई.”

वसंता म्हणजे त्यांचा पलटणीतला जोडीदार. लंकेतून तो परत आला नाही. फौजी सुटीवर आल्या-आल्या एकदा त्याच्या घरी जाऊन आले होते. आईनं विचारलं होतं, कसा गेला? हे म्हणाले होते, लगेच गेला, त्रास झाला नाही. त्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. पुढचं त्यांनी मला सांगितलं. आणि ज्या माणसाला सांगायला नको होतं, नेमकं त्याला सांगितलं.

भीमेला पाणी संथ होतं. आम्ही काठावर बसलो होतो. ते पाण्याकडे बघतच बोलत होते, म्हणून ते मला सांगतायत की नदीला, हेही नीट कळत नव्हतं. तिकडे लंकेत ताडांच्या रांगांमधून जाणारी लाल मातीची वाट होती. सकाळची गस्त. पुढे वसंता, मागे अंतर ठेवून हे. वसंताचे वडील रेल्वेत; दौंडच्या रेल्वे चाळीत तो वाढला, दोन्ही अंगाला तमिळ शेजारी. खेळता खेळता भाषा आलेली. पलटणीत त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. तर त्या वाटेवर मागून बारीक आवाजात हाक आली. ‘अप्पा!’

“मला वाटलं, मला,” फौजी म्हणाले. “एवढ्या लांब, समिंदराच्या पल्याड, कुणीतरी मला घरच्या नावानं हाक मारतंय. मी वळलो. कुडाशी एक चिमुरडी उभी व्हती, हात हलवत. मी तिच्याकडं निघालो. वसंतानं मागं बघितलं आन् हसायला लागला. म्हणाला, अरं येड्या, तुला न्हाई! अप्पा म्हंजी बाप. ती तिच्या बापाला बोलावतीय. तसाच हसत पुढं गेला.”

पुढे वाटेत सुरुंग होता.

“तिचा बाप मागच्या वावरात व्हता. हाकेला त्यानं बी ओ दिली आन् मी बी दिली,” ते म्हणाले. “वसंताला भाषा येत व्हती, म्हणून तो पुढं गेला. मला येत नव्हती, म्हणून मी हाय. ते नाव तिच्या बापाचं, गुरुजी. म्या कसं लावायचं?”

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं.

मी गावाचा सूत्रसंचालक. लग्न असो, दशक्रिया असो, झेंडावंदन असो, माईक माझ्या हातात. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी त्या हाकेच्या हकिगतीवर एक नाटुकलं बसवलं. फौजींना विचारलं नाही. आणि गोष्ट जशी होती तशी ठेवली नाही. तिच्यात दुश्मन कुठेच दिसत नव्हता. एक लेकरू बापाला हाक मारतं, एक जण चुकून वळतो, एक जण हसतो आणि मरतो. यावर टाळी कुठे घ्यायची? म्हणून मी त्या मुलीला आमिष केलं. काळी ओढणी दिली. झाडाआड लपून ती गोड आवाजात ‘आप्पा’ म्हणते, जवानांना घोटाळ्यात टाकते आणि घात होतो. वसंताचं हसू काढून टाकलं. मरणाआधी त्याच्या तोंडी मातृभूमीवर चार ओळी घातल्या. मी स्वतःला समजावलं होतं की त्याच्या आईला राग धरायला कुणीतरी मिळालं तर तिचंही बरं होईल. यात थोडं खरंही होतं. पण मला टाळी हवी होती, हे त्याहून खरं.

संमेलनाला वसंताच्या आईला दौंडहून जीपमधून आणलं, शाल दिली, व्यासपीठावर बसवलं. फौजी पहिल्या रांगेत. नाटुकलं रंगलं. काळ्या ओढणीतली मुलगी, चौथीतली, पुढे आली आणि ‘आप्पा’ म्हणाली तशी मागून पोरं ओरडायला लागली. “मारा तिला! दगाबाज!” शेंगांची टरफलं आली, मग एक चप्पल आली. मुलगी रडायला लागली. फौजी उठले. सरळ मंचावर चढले, मुलीच्या पुढ्यात उभे राहिले आणि माईक धरला.

“हिनं घात केला न्हाई,” ते म्हणाले. “हिनं मला बोलावलंच न्हाई. वसंता—”

माईक शब्बीरभाईंचा. त्यांचे वडीलही गावच्या लग्नांना कर्णे लावायचे. मी त्यांच्याकडे बघून एक बोट खाली केलं. त्यांनी बटण बंद केलं.

फौजींना ते लवकर कळलं नाही. ते बोलत राहिले. ओठ हलत होते, हात मागे दाखवत होता, मग पुढे दाखवत होता, एकदा तर ते हसल्यासारखे दिसले. मांडवात पोरांचा गलका. वसंताची आई कानामागे हात धरून माझ्याकडे वळली. “काय म्हणतोय वो तो?”

“वसंताची आठवण काढून रडतायत,” मी म्हणालो.

खाली उतरल्यावर तिनं फौजींचा हात धरला. “रडू नगं बाबा. त्या रांडेचं वाटोळं हुईल बघ.” फौजींनी हात सोडवून घेतला. पुढे दोन-तीन शाळांनी ते नाटुकलं माझ्याकडून मागून नेलं.

आठवड्यानं ते ओट्यावर आले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, “एवढी वरसं धीर गोळा केला व्हता गुरुजी. तो एकदाच निघणार व्हता. तुम्ही वायर काढली.”

“मी चुकलो. तुम्ही जाऊन सांगा त्यांना. मी बरोबर येतो.”

“मी न्हाई. ज्यानं गाठ मारली त्यानं सोडवावी, दुसऱ्यानं वढली की आवळती. आन् आता माझ्या तोंडून आलं तर ती म्हणंल, ह्यो त्या पोरीला न्हाई, सवताला सोडवायला आलाय. तिला एवढंच सांगा, तो हसत व्हता. घाबरला नव्हता, कुणी फशिवला नव्हता. हसत व्हता.”

मी कबूल केलं. मग परीक्षा आल्या. मग मी निवृत्त झालो, मुलाकडे राहायला गेलो, परत आलो. बायकोचं गुडघ्याचं दुखणं निघालं. पुलाचं काम निघालं. माणसाला जायचं नसलं की रस्ता फार लांब होतो. फौजी भेटले की एवढंच विचारायचे, “दौंडला गेलता का?”

“पुढच्या आठवड्यात.”

“बरं,” म्हणायचे आणि रस्त्याच्या मधून चालू लागायचे. इतक्या वर्षांत त्या ‘बरं’मध्ये एकदाही टोमणा नव्हता.

गेल्या माघात ते गेले. दुपारी जेवून बाजेवर पडले आणि उठले नाहीत. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. शेवटी माझं नाव पुकारलं. शब्बीरभाईंनी माईक माझ्या तोंडाच्या उंचीला आणून ठेवला. आज सांगायचं, असं ठरवून मी उभा राहिलो. तोंड उघडलं आणि त्यातून तेच बाहेर पडलं, काळ्या ओढणीची मुलगी, घात, शूर जोडीदार. इतक्या वेळा म्हटलेलं ते, की घसरत आपोआप आलं. बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी म्हणालं, गुरुजींच्या तोंडून ऐकावं.

लोक पांगल्यावर शब्बीरभाई वायर गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तवा बटन माझं व्हतं, बोट तुमचं. मी बी गुन्हेगार. पर गुरुजी, आज तर बटन चालू व्हतं.”

दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेलो.

रुळांपलीकडच्या एका बोळात, धाकट्या मुलाच्या घरी, वसंताची आई ओसरीत मेथी निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची. ओळख सांगितली तर म्हणाली, “मोठ्यानं बोला. कान गेले.” मग मला ओरडून सांगावं लागलं. ती चिमुरडी, तिचा वावरातला बाप, फौजींचं वळणं, आणि मी काय लावलं, काय काढलं, बटण कुणी बंद करायला लावलं, सगळं. शेजारच्या दारांमध्ये बायका येऊन उभ्या राहिल्या. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

तिचे हात मेथीत थांबले होते. “म्हंजी त्या पोरीनं न्हाई केलं?”

“नाही, आक्का.”

“मी रोज दिवा लावताना तिला शिव्या घालती.” मग तिनं चेहरा वर केला. “आन् वसंता हसला म्हणता?”

“हसला.”

“कसा?”

माझ्या जिभेवर शब्द आले. खळखळून. मनमोकळं. लहान मुलासारखं. आयुष्यभर असे शब्द माझ्याकडे तयार असायचे. कुठलाही एक दिला असता तर तिनं दोन्ही हातांनी घेतला असता.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी त्यांना विचारलं नाही.”

“मग इचारा की त्याला.”

“ते गेले, आक्का. कालच दहावा झाला.”

तिनं ते दोनदा म्हणायला लावलं. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदर नीट केला. “हळू हसणं त्याला ठावंच नव्हतं,” ती म्हणाली, आणि मान मागे टाकून हसली. तरण्या पोराचं हसणं, त्या बोळक्या तोंडातून. दारातल्या बायका दचकल्या. ती थांबली, आठवलं, मान हलवली. “न्हाई. फजिती केली कुणाची की असा हसायचा.” आणि मांडीवर थाप मारून वेगळं हसली. मग श्वास घेऊन तिसरं, नाकातून आलेलं, शेवटाला खोकल्यात गेलेलं. प्रत्येक हसण्यानंतर ती माझ्याकडे बघत होती.

“असा का? का असा?”

मी कुठल्याच हसण्याला हो म्हणालो नाही.